‘सेन्ट’ की ‘हॅड सेन्ट’? घोळ आपल्या ‘होतं’चा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात तुम्ही डिस्पॅच बघता आणि बाहेरगावच्या ग्राहकांना रोज इंग्रजीत मेल लिहिता. परवा तुम्ही लिहिलं, ‘वी हॅड डिस्पॅच्ड द मटेरियल ऑन मंडे.’ त्यावर बंगळुरूहून उलट विचारणा आली, मग आता माल कुठे आहे, परत आला का? तुम्ही चक्रावलात. शाळेपासून ‘गो, वेन्ट, गॉन’ तोंडपाठ, काळांचा तक्ता तोंडपाठ, तरी ऐन वेळी ‘सेन्ट’, ‘हॅव सेन्ट’ आणि ‘हॅड सेन्ट’ यांतलं कुठलं घ्यावं ते सुचत नाही. जोडीला ‘राइज-रेझ’ आणि ‘लाय-ले’ यांचा गोंधळ आहे. शिवाय ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हटलं की पुण्याहून आलेले साहेब का हसतात, हेही तुम्हाला हवं आहे.

मी नागपूरच्या धरमपेठेत नोकरदार मंडळींचे इंग्रजीचे वर्ग घेते. बँकेतले लोक येतात, मिहानमधल्या कंपन्यांतले येतात, वकिलांच्या ऑफिसातले येतात, बुटीबोरीचे तर पुष्कळच. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना रूपं येत असतात. ‘सेन्ड’चा भूतकाळ झोपेतून उठवून विचारला तरी बरोबर सांगतील. त्यामुळे आणखी एक तक्ता भिंतीवर लावून काही साधणार नाही. डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं, आणि त्याच्या शेवटच्या शब्दाला इंग्रजीतलं कुठलं रूप जोडायचं तिथे गाडी घसरते. म्हणून मी इंग्रजीपासून सुरू न करता आपल्या वाक्यापासून सुरू करते.

आपण म्हणतो, ‘सोमवारी माल पाठवला होता.’ मराठीच्या तासाला शिकवलं, हा पूर्ण भूतकाळ. इंग्रजीच्या तासाला शिकवलं, ‘हॅड सेन्ट’ म्हणजेही पूर्ण भूतकाळ. नाव एकच, तेव्हा कामही एकच असणार, असं आपण धरून चालतो. तसं नाही. मराठीतलं ‘होतं’ कुठल्याही साध्या, घडून गेलेल्या गोष्टीला लागतं. ‘गेल्या वर्षी शेगावला गेलो होतो.’ ‘काल सीताबर्डीवर तुझा भाऊ भेटला होता.’ यात दुसरी कुठलीच घटना नाही. उलट नुसतं ‘गेल्या वर्षी शेगावला गेलो’ म्हटलं, तर ऐकणारा पुढची गोष्ट ऐकायला कान टवकारतो. इंग्रजीत नेमकं याच्या उलट चालतं. ‘आय वेन्ट टू शेगाव लास्ट इयर’ हे वाक्य तिथेच पूर्ण झालं. ‘आय हॅड गॉन टू शेगाव लास्ट इयर’ म्हटलं की ऐकणारा अडकून राहतो: कशाच्या आधी? मग पुढे काय झालं? तुमच्या ग्राहकाचं तेच झालं. सोमवारी माल ‘हॅड डिस्पॅच्ड’ म्हणतात, म्हणजे नंतर काहीतरी बिनसलं असणार, असा अर्थ त्यानं काढला. त्याचं काही चुकलं नाही.

नागपुरात तर दुहेरी मार आहे. घरात ‘गेलो होतो’ आणि पानठेल्यावर ‘मैं गया था’. दोन्ही भाषा एकाच दिशेला ढकलतात, त्यामुळे आपल्याकडच्या मेलमध्ये ‘हॅड’चं पीक जरा जास्तच येतं.

मग ‘हॅड’ लागतो कुठे? भूतकाळातल्या दोन घटना असतील, आणि त्यातली आधीची कोणती हे त्या ‘हॅड’शिवाय कळणार नसेल, तिथे. वर्गात मी नेहमी विदर्भ एक्सप्रेसचं उदाहरण देते. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द विदर्भ एक्सप्रेस हॅड लेफ्ट.’ मी पोचलो तेव्हा प्लॅटफॉर्म रिकामा होता, गाडी केव्हाच निघून गेली होती. आता फक्त ‘हॅड’ काढा: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द विदर्भ एक्सप्रेस लेफ्ट.’ मी आत शिरलो आणि डोळ्यांदेखत गाडी हलली. धावलो असतो तर कदाचित मिळालीही असती. एका शब्दानं गाडी चुकण्याची दोन वेगळी चित्रं उभी राहतात. आणि वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर क्रम आपोआपच कळतो, तिथे ‘हॅड’ घातला काय, न घातला काय, दोन्ही चालतं. ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर आय रीच्ड’ यात काहीच चूक नाही.

तुमच्यासाठी कामचलाऊ कसोटी अशी: मेलमध्ये ‘हॅड’ लिहिलात की त्याच मेलमधल्या दुसऱ्या भूतकाळी घटनेवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ‘हॅड’ खोडायचा. माझ्याकडे येणाऱ्या मेलमधले बहुतेक ‘हॅड’ या एका कसोटीवर गळून पडतात. ‘आय हॅड अ मीटिंग’ यातला ‘हॅड’ वेगळा, तो स्वतःच मुख्य क्रियापद आहे. त्याला हात लावू नका.

आता ‘सेन्ट’ आणि ‘हॅव सेन्ट’. इथे मराठी थोडी मदत करते आणि मग ऐन मोक्याला दगा देते. ‘पाठवलाय’ म्हणजे ‘हॅव सेन्ट’ हे बहुतेक वेळा जुळतं. पण मराठीत ‘काल पाठवलाय’ बिनदिक्कत चालतं आणि इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गेला. काल, सोमवारी, गेल्या महिन्यात, अमुक साली, यातलं काहीही आलं की साधा भूतकाळ. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं, तेव्हा ‘वॉज फाउंडेड इन १९२३’. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ‘स्टार्टेड इन २०१९’. ‘हॅज स्टार्टेड इन २०१९’ हे मी पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर इतक्यांदा बघते की आता डोळा आपोआप तिथे जातो. साल काढून टाका आणि आजचा परिणाम सांगा, की ‘हॅज’ परत येतो: ‘द मेट्रो हॅज मेड माय कम्यूट ईझिअर.’ कधी सुरू झाली याच्याशी या वाक्याला देणंघेणं नाही, आज माझा प्रवास सोपा झालाय एवढंच सांगायचं आहे.

साल किंवा वार लिहिलेला नसतानाही वेळ संपलेली असू शकते. गांधीजी सेवाग्रामला राहिले, हे इंग्रजीत ‘गांधीजी लिव्ह्ड इन सेवाग्राम’ असंच. माणूस आज हयात नाही, तेव्हा ‘हॅज लिव्ह्ड’ बसत नाही. तुमचे काका आजही असतील आणि सेवाग्रामला राहिलेले असतील, तर त्यांच्याबद्दल ‘हॅज लिव्ह्ड’ म्हणता येईल. आणि काही ठिकाणी तर घड्याळ बघून ठरवावं लागतं. सकाळी दहाला कुणी ‘हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?’ विचारलं तर ठीक, सकाळ अजून चालू आहे. दुपारी चारला तेच विचारायचं तर ‘डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?’.

आता तुमचाच मेल घेऊ. मी तो असा लिहिला असता: ‘वी डिस्पॅच्ड द मटेरियल ऑन मंडे. द ट्रान्सपोर्टर हॅज नॉट कन्फर्म्ड डिलिव्हरी यट. आय हॅव आस्क्ड हिम फॉर ॲन अपडेट.’ पहिल्या वाक्यात वार आहे, म्हणून साधा भूतकाळ. पुढच्या दोन्हींत वेळ नाही आणि विषय या क्षणी उघडा आहे, म्हणून ‘हॅज’ आणि ‘हॅव’. यात ‘हॅड’ला जागा कधी मिळेल? समजा, मंगळवारी त्यांचा फोन आला आणि तेव्हा ट्रक हैदराबादच्या पुढे गेलेला होता. मग ‘व्हेन यू कॉल्ड ऑन ट्यूसडे, द ट्रक हॅड ऑलरेडी क्रॉस्ड हैदराबाद.’ फोन ही दुसरी घटना. बोट ठेवायला जागा आहे.

‘पासून’चं दुखणं याच घरातलं आहे. ‘मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो’ यात मराठीनं वर्तमानकाळ वापरला, म्हणून आपण ‘आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. यात दोन चुका आहेत. मागे कधीतरी सुरू होऊन आजवर चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव’ लागतो, आणि ‘पासून’ या एका शब्दाचे तिथे दोन वाटे होतात. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. ‘आय हॅव लिव्ह्ड इन नागपूर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स २०१५’. मुलाखतीत हे वाक्य हटकून बोलावं लागतं, म्हणून एवढं एक तरी जिभेवर बसवून टाका.

आता साहेबांच्या हसण्याबद्दल. आपल्या नागपुरी बोलीत चालू क्रिया ‘राहिलो’नं होते. ‘काय करून राह्यला बे?’ ‘मी जेवून राह्यलो.’ आणि गंमत म्हणजे हे ‘राहणं’ आपण समजण्याला, वाटण्याला, दिसण्यालाही लावतो: ‘मले समजून नाही राह्यलं.’ त्याचं सरळ इंग्रजी केलं की ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.’ पुण्याचे साहेब हसतात खरे, पण ‘मला समजत नाहीये’ म्हणणाऱ्यानंही फार हसू नये, तेही त्याच वाटेनं जातात. इंग्रजीत कळणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं, मालकीचं असणं या गोष्टी ‘चालू’ धरत नाहीत. त्या असतात किंवा नसतात. म्हणून ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय नो’, ‘आय वॉन्ट’, ‘आय नीड’. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चुकतं ते यामुळेच. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जेवणं, आणि जेवण चालू असू शकतं. तसंच ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झालं. ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे डोक्यात विचार सध्या घोळतोय.

हे किती मनावर घ्यायचं, ते कुठे बोलता त्यावर आहे. आपल्या देशात ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ सर्रास चालतं आणि अर्थही पोचतो. भारतीय इंग्रजीची ही एक लकबच मानली जाते. माझं स्वतःचं मत असं, की चहा पिताना सोडून द्या, मुलाखतीत आणि लेखी कामात टाळा. कुणी तुमच्या बोलीवरून हसलं तर ती त्यांची हौस. बोली बदलायचं कारण नाही.

‘डिड’बद्दल एकच सांगते. ‘डिड’नं भूतकाळ उचलला की पुढचं क्रियापद मोकळं होतं. ‘डिड यू गो’, ‘आय डिडन्ट रिसीव्ह’. ‘डिडन्ट रिसीव्ह्ड’ लिहिलात तर भूतकाळ दोनदा झाला. डिस्पॅचच्या मेलमध्ये ‘नॉट रिसीव्ह्ड’ लिहायची सवय असल्यामुळे ही चूक सहज होते.

यापेक्षा महाग पडणारी गोष्ट म्हणजे ‘वुड’. ‘विल’ जरा रोखठोक वाटतं म्हणून आपण नम्रपणे ‘द ट्रक वुड रीच टुमारो’ लिहितो. वाचणाऱ्याला तिथे एक न लिहिलेलं ‘जर’ दिसतं: पोचला असता, जर काहीतरी झालं असतं. नम्रपणा दाखवायला गेलात आणि शंका पेरून आलात. उद्या पोचणार असेल तर ‘विल रीच’. नक्की माहीत नसेल तर ‘शुड रीच’, म्हणजे पोचायला हवा. ‘वुड’ विनंतीसाठी ठेवा: ‘वुड यू प्लीज कन्फर्म?’ त्याच वाक्यातला दुसरा खड्डा म्हणजे ‘व्हेन द ट्रक विल रीच, आय विल इन्फॉर्म यू.’ आपण ‘ट्रक पोचला की कळवतो’ म्हणतो. पोचायचाय अजून, पण रूप भूतकाळाचं. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते: ‘व्हेन द ट्रक रीचेस, आय विल इन्फॉर्म यू.’ ‘इफ’चंही तेच. पाऊस आला तर, ‘इफ इट रेन्स’.

‘राइज-रेझ’ला मात्र घाबरू नका, इथे मराठी तुमच्या बाजूनं आहे. वाढणं आणि वाढवणं, बसणं आणि बसवणं, पडणं आणि पाडणं, असा फरक आपण जन्मापासून करतो. ‘राइज’ म्हणजे वाढणं, ‘रेझ’ म्हणजे वाढवणं. संत्र्याचे भाव आपोआप वाढले तर ‘प्राइसेस हॅव रिझन’. व्यापाऱ्यांनी वाढवले तर ‘ट्रेडर्स हॅव रेझ्ड द प्राइसेस’. शंका आली की ‘काय वाढवलं?’ असं वाक्याला विचारा. उत्तर वाक्यातच मिळालं तर ‘रेझ’, नाही मिळालं तर ‘राइज’. रूपं वेगळी आहेत तेवढी ध्यानात ठेवा: ‘राइज, रोझ, रिझन’ आणि ‘रेझ, रेझ्ड, रेझ्ड’. पडणं-पाडणं ही तर हुबेहूब जोडी आहे. वादळात झाडं पडली, ‘द ट्रीज फेल’. रस्ता रुंद करायला पाडली, ‘दे फेल्ड द ट्रीज’. आणि ‘फेल्ट’ हे तिसरंच, ते वाटण्याचं.

‘लाय-ले’ची कसोटी हीच. ‘लाय’ म्हणजे आडवं पडणं किंवा पडून असणं, ‘ले’ म्हणजे कशाला तरी ठेवणं, अंथरणं. त्रास एवढाच, की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळतात. ‘लाय, ले, लेन’ आणि ‘ले, लेड, लेड’. भरीला खोटं बोलण्याचं ‘लाय, लाइड, लाइड’ आहेच. यात जन्मापासून इंग्रजी बोलणारेही अडखळतात, म्हणून माझा सल्ला सरळ बगल देण्याचा आहे. फाइल काल टेबलावर पडून होती, याला ‘द फाइल ले ऑन द टेबल’ बरोबर असलं तरी ‘वॉज लाइंग’ किंवा नुसतं ‘वॉज ऑन द टेबल’ लिहा. ठेवली असेल तर ‘पुट’ लिहा. ‘पुट’ तिन्ही काळी ‘पुट’च राहतं.

दिसायला सारखी पण नात्यात नसलेली आणखी दोन. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येकांनी ‘अंबाझरी हॅज ओव्हरफ्लोन’ असं टाकलं होतं. ‘फ्लोन’ हे उडण्याचं रूप आहे, ‘फ्लाय, फ्लू, फ्लोन’. वाहण्याचं ‘फ्लो, फ्लोड, फ्लोड’ असं साधं चालतं, म्हणून ‘ओव्हरफ्लोड’. दुसरं ‘फाउंड’. सापडणं या अर्थी ‘फाइंड, फाउंड, फाउंड’, पण स्थापन करण्याचं ‘फाउंड, फाउंडेड, फाउंडेड’. ‘अवर कंपनी वॉज फाउंड इन १९९८’ लिहिलंत तर कंपनी त्या वर्षी कुठेतरी पडलेली सापडली असा अर्थ होतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे इतकं दिसतं, की मी आता प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते.

शेवटी तुम्ही विचारलंय, अमेरिकेतल्या ग्राहकाच्या मेलमध्ये ‘डिड यू ऑलरेडी शिप इट?’ असं येतं, ते चूक की बरोबर? बरोबर. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ या शब्दांबरोबर ब्रिटिश लोक ‘हॅव’ घेतात, ‘हॅव यू शिप्ड इट यट?’. अमेरिकनांना बोलण्यात साधा भूतकाळही चालतो. तसंच त्यांचं ‘हॅज गॉटन’ आणि ब्रिटिशांचं ‘हॅज गॉट’, त्यांचं ‘लर्न्ड’ आणि ब्रिटिशांचं बऱ्याचदा ‘लर्न्ट’. आपली शाळेची पुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून तुमचा हातही तिकडेच जाणार. बंगळुरूच्या ग्राहकाला तेच ओळखीचं आहे. अमेरिकेच्या ग्राहकाला तुम्ही ‘वी हॅव ऑलरेडी शिप्ड इट’ असं उत्तर दिलंत तर त्यालाही काही खटकणार नाही, ‘हॅव’ दोन्हीकडे चालतो. उलट ‘वी शिप्ड इट ऑलरेडी’ लिहिलंत, तर ब्रिटिश वळणाच्या वाचकाला ते थोडं अघळपघळ वाटू शकतं. तेव्हा एकच सवय लावायची असेल तर ‘हॅव’ची लावा, आणि वार किंवा तारीख आली की तो काढा.